चौथ्या साडीपर्यंत

किरणशेठनं मागचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप घातलं. किल्ली दोनदा फिरली, ते वर माळ्यापर्यंत ऐकू आलं.

"झालं," त्रिशला माझ्या कानाशी म्हणाली, "आता आपण गिऱ्हाईक नाही, गोडाऊनमधला माल."

मी हसले. राजमतीकाकींनी वळून बघितलं, तशा आम्ही दोघी गप्प झालो. आवाज करायचा नाही, ही किरणशेठची पहिली अट होती. साडेनवाच्या आत मोकळं व्हायचं, ही दुसरी. आणि कुणी विचारलंच तर आम्ही त्यांच्या दुकानात कधी आलोच नव्हतो.

२०२१च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा होता तो. मिरजेत दूध, भाजी, किराणा आणि औषधं, एवढंच काय ते उघडं. कापडाच्या पेठेत सगळी शटरं खाली. लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, असा नियम निघाला होता. पण पंचवीस माणसांत एक नवरी असतेच आणि तिला शालू लागतोच. म्हणून काही दुकानदार ओळखीच्या लोकांना सकाळी सकाळी मागच्या बोळातून आत घ्यायचे, माळ्यावर बसवायचे, बाहेरून कुलूप लावायचे आणि समोरच्या आपल्या घरात जाऊन बसायचे. काम झालं की आतून फोन करायचा.

गावात शिरायलाही कारण लागायचं. आमचं कारण म्हणजे त्रिशला, माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, अभिनंदनची, धाकटी बहीण. सांगलीतच दिलेली, सहावा महिना लागलेला. तिच्या सोनोग्राफीची फाईल गाडीच्या काचेपाशी ठेवून अभिनंदननं आम्हा तिघींना नाक्यावरून पार केलं, बोळाच्या तोंडाशी सोडलं आणि स्वतः एका दवाखान्यासमोर गाडी लावून थांबला. त्या दिवसांत मिरजेत दवाखान्याबाहेर गाडीत बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नसे.

आमचं लग्न ठरून पंधरा महिने झाले होते. पहिली तारीख आदल्या वर्षीच्या मेमधली, ती लॉकडाऊननं खाल्ली. दुसरी डिसेंबरातली. तिच्या दीड महिना आधी अभिनंदनचे वडील हार्ट अटॅकनं गेले. मग त्यांच्या भावकीत सुरू झालं. मुलगी ठरली आणि घराला हे लागलं, पायगुण बघा म्हणे. आमच्या अण्णांच्या कानावर ते आलं तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी अठ्ठावीस वर्षांची, जयसिंगपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी. तोवर पायगुण हा शब्द मला म्हाताऱ्या बायकांच्या तोंडचा वाटायचा. तो आपल्याला येऊन चिकटला की कसा वाटतो ते तेव्हा कळलं.

अभिनंदनची आई, राजमतीकाकी, त्या वेळी आमच्या घरी आल्या होत्या. नवऱ्याला जाऊन महिनाही झालेला नव्हता. सोप्यात बसल्या, पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि अण्णांना म्हणाल्या, "माझ्या मालकांना अटॅक आला तो तंबाखूनं आणि शुगरनं. तुमच्या पोरीनं आणलेला नाही. लग्न होणार." तिसरी तारीख त्यांनीच काढली, सहा मे. अख्ख्या भावकीशी एकटीनं भांडून काढली. त्या सकाळी गाडीत मात्र त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या होत्या, "आता हे निभावलं म्हणजे बास. चौथ्यांदा लोकांच्या तोंडाला लागायची ताकद नाही माझ्यात."

माझ्या आईला शुगर, म्हणून ती घरीच थांबली होती.

माळा लांबट होता, बसकाच. हात वर केला तर पत्र्याला लागेल असा. एक ट्यूब, एक खडखडणारा पंखा, भिंतीला मोठा आरसा आणि बोळाच्या बाजूला एकच खिडकी, तीही रंगानं चिकटून बसलेली. गादीवर पांढरी चादर अंथरून कोष्टीमामा आमची वाट बघत होते. पांडुरंग कोष्टी. तीस वर्षं त्याच दुकानात नवरीमुलींना साड्या नेसवून दाखवायचं काम केलेला माणूस. साठी उलटलेली, अंगानं सडपातळ, बोटं मात्र कोळ्याच्या पायांसारखी चपळ. मास्क नाकाखाली घेतलेला.

"मामा, मास्क वर घ्या की," काकी म्हणाल्या.

"चष्म्यावर वाफ येती हो ताई. मग निरी दिसत न्हाई."

काकींनी आणखी ताणलं नाही. आम्हालाही निरी दिसायलाच हवी होती.

पहिला शालू चिंतामणी रंगाचा. मामांनी माझ्या ड्रेसवरूनच कमरेला पट्टा बांधला, चार चिमटीत निऱ्या बसवल्या, पदर खांद्यावर टाकून दोन पावलं मागं सरले. काकींनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "काळी दिसतीय ती ह्यात." मामांनी तो उतरवला. मग डाळिंबी काढला.

तेवढ्यात त्रिशलानं ओढणी नाकाशी धरली. "अगं बाई, काय वास हा! डांबरगोळ्या पोत्यानं ओतल्यात की काय?"

"माल वर्षभर पडून हाय, ताई. कसर लागू नये म्हणून जरा जास्तीच टाकल्यात."

"जरा? डोकं उठलं माझं," काकी म्हणाल्या. "पंखा वाढवा तो."

मी त्या तिघांकडे बघत राहिले. मला कसलाच वास येत नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, मास्कमुळे. मामा निऱ्या घालायला वाकले तेव्हा मी मास्क थोडा खाली सारला आणि खोल श्वास घेतला. काही नाही. पदर सारखा करायच्या निमित्तानं डाळिंबी शालूचा काठ नाकाला लावला. काठ टोचला, तेवढंच. पर्समधून सॅनिटायझर काढून हातावर ओतलं, दोन्ही तळवे चोळून तोंडाशी नेले. गार लागलं. वास म्हणून काही नव्हतंच.

दोन दिवस अंग दुखत होतं. फोनवर मुलांचे वर्ग घेऊन, बस्त्याच्या पिशव्या उचलून दुखतंय, असं मी आईला सांगितलं होतं आणि स्वतःलाही. त्या वर्षी वास जाणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"हा बरा दिसतोय," त्रिशला म्हणाली. "वहिनी, तुला आवडला?"

"छान आहे," मी म्हणाले.

बस, एवढंच म्हणाले. तिथेच बोलायला हवं होतं. दार बंद असलं तरी किरणशेठला फोन केला असता तर तो पाच मिनिटांत आला असता, तेव्हा बोळ मोकळा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे सोप्यात न जेवता बसलेले अण्णा आले. सहा मे आली. भावकीतल्या बायका आल्या, 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणणाऱ्या. त्रिशला माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मी मनात म्हटलं, मास्क आहे ना तिला. तासाभराचा तर प्रश्न आहे. साडी घेऊ, घरी जाऊ, मग बघू.

डाळिंबी काकींना पसंत होता, पण एकदम हो म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "अजून दोन दाखवा. अंगावर पडल्याशिवाय कळत नाही." मामांनी राणी रंगाचा उलगडला. ते माझ्या खांद्यावर पदराची घडी बसवत होते, तेव्हा त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. म्हणजे माझा त्यांना. मी मान पलीकडे वळवली.

"सरळ बघा आरशात, ताई. लाजायचं काय त्यात?"

मी श्वास रोखून उभी राहिले. माणूस किती वेळ श्वास रोखेल? सोडला तेव्हा तो त्यांच्या चष्म्याच्या काचेवर दिसला.

चौथा मोरपंखी. त्याच्या निऱ्या बसल्या, पदर खांद्यावर आला आणि मामांचा फोन थरथरला. त्यांनी ऐकून घेतलं, पटकन पंखा बंद केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"पोलिसांची गाडी बोळात उभी हाय," ते कुजबुजले. "शेठ म्हणत्यात, गाडी हलेस्तोवर दार उघडता येत न्हाई. हालचाल करू नका. पंख्याचा आवाज खाली जातो."

काकी मटकन खाली बसल्या. मीही बसले, मोरपंखी शालूत, गादीच्या अगदी कोपऱ्यात. खाली कुणीतरी बोलत होतं, बूट वाजत होते. पत्रा तापायला लागला होता. पाच मिनिटं गेली. मग दहा. त्रिशलाच्या कपाळावरून घाम ओघळून मास्कमध्ये उतरत होता.

मी तिच्यापासून सरकले. ती माझ्याकडे सरकली. मी पुन्हा सरकले, तशी काकी हळूच म्हणाल्या, "का गं, अशी लांब लांब काय करतीयस? तिला टेकायला दे जरा."

मी फोन काढला आणि पदराआड धरून अभिनंदनला लिहिलं, "मला वास येत नाहीये. कशाचाच नाही."

त्याचं उत्तर लगेच आलं. "नक्की?"

"सॅनिटायझरचासुद्धा नाही. काय करू? आत अडकलोय."

बराच वेळ तो काहीतरी लिहीत असल्याचं दिसत राहिलं. मग आलं, "आत्ता कुणाला काही बोलू नकोस. साडी घ्या, घरी जा. ही तारीख गेली तर आई परत काढणार नाही. नंतर बघू."

"त्रिशला शेजारी आहे माझ्या."

"मास्क आहे ना तिला."

मी ते पुन्हा वाचलं. अजून एकदा वाचलं. माझेच शब्द होते ते. तीन साड्या मी मनात जे घोकत होते ते कुणीतरी टाईप करून माझ्या हातात दिलं होतं, एका अक्षराचाही फरक नाही. फक्त तो गाडीत होता, काच उघडी टाकून, आणि त्रिशला इथे होती.

"मला कसंतरी होतंय, आई," त्रिशला म्हणाली. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला, तोंड उघडून श्वास घेतला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकायला वाकली.

मी उठले. मोरपंखी शालूत पाय अडकला, भिंतीला धरून उभी राहिले.

"तिला घेऊन लांब बसा, काकी. मला वास येत नाहीये."

कुणालाच कळलं नाही. काकींनी मान वर केली. "कसला वास?"

"डांबरगोळ्यांचा. सॅनिटायझरचा. कशाचाच नाही. मला झालाय बहुतेक."

मामांच्या हातात राणी शालूची अर्धी घडी होती. ती तशीच राहिली. मग त्यांनी मास्क नाकावर ओढला, त्या सकाळी पहिल्यांदाच.

"कधीपासून?" काकींनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"दुसऱ्या साडीपासून."

काकींनी माझ्या अंगावरच्या चौथ्या साडीकडे बघितलं. त्यांनी त्रिशलाला काखेत हात घालून उठवलं, तिचा मास्क वर केला, तिला खिडकीपाशी नेलं आणि खिडकीचा खटका ओढला. निघेना. रंगानं बसला होता.

"ताई, खाली पोलीस—" मामा म्हणाले.

"असू देत."

त्यांनी कोपरानं खिडकीच्या फळीला दणका दिला. एक, दोन. तिसऱ्याला खिडकी करकरत उघडली आणि उजेडाचा झोत सगळ्या माळ्यावर पडला. खालून ओरडा आला, "कोण आहे रे वर?"

काकी खिडकीतून वाकल्या. "साहेब, दार उघडायला लावा! गरोदर बाई आहे आत, घुसमटतीय. त्या समोरच्या घरात मालक आहे, त्याच्याकडं किल्ली आहे!"

त्यानंतर सगळं पटापट झालं. किरणशेठ चेहरा पाडून आला, त्याच्या नावानं पावती फाडली गेली, तो काकींना काहीबाही बोलला. काकींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्रिशलाला धरून त्या जिना उतरल्या. उतरताना त्रिशलानं माझ्याकडे वळून पाहिलं. घाबरली होती ती. रागावली नव्हती. तेच मला जास्त लागलं.

मामा सवयीनं पुढे आले, पदराची पिन काढायला. मी म्हटलं, "नको. मी काढते."

ते थांबले. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. नेसवायला त्यांना तीन मिनिटं लागली होती, मला सोडायला पंधरा लागली. पट्ट्याची गाठ सुटत नव्हती. एक पिन बोटात गेली. शालू तसाच गोळा करून गादीवर ठेवला आणि मी खाली आले.

हवालदारानं मला दहा फुटांवर थांबवलं. म्हणाला, "ताई, घरी जाऊ नका. सरळ तपासणीच्या रांगेत जा."

रांग बरीच लांब होती. अर्ध्या तासानं अभिनंदन आला. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबला. काकी आणि त्रिशलाला त्यानं मावशीकडे सोडलं होतं.

"सांगितलं होतं ना मी," तो रस्ता ओलांडून ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला. "अजून एक तास कळ काढली असतीस तर काय झालं असतं?"

मला त्याला उत्तर देता आलं असतं. पण माझा नंबर आला.

तपासणीत निघालंच. मी आमच्या मळ्यातल्या खोलीत सतरा दिवस राहिले. ताप चार दिवस होता, वास यायला महिना लागला. आई दाराबाहेर ताट ठेवायची आणि लिंबाच्या झाडाखाली उभी राहून विचारायची, "आता येतोय का गं?" त्याच खोलीत मला एकेक बातमी कळत गेली. त्रिशलाच्या दोन तपासण्या झाल्या, दोन्हीत काही निघालं नाही. काकींना झाला, पण पाच दिवसांच्या तापावर निभावलं. आणि कोष्टीमामा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात होते, ऑक्सिजनवर.

त्यांना माझ्याकडूनच झाला की कसं, हे कुणी सांगू शकणार नाही. त्या आठवड्यात त्यांनी आणखी कितीतरी नवरीमुलींना साड्या नेसवल्या होत्या. आईनं हे मला दोन-तीनदा ऐकवलं. मीही स्वतःला ऐकवून पाहिलं. त्यानं काही फरक पडला नाही.

सहा मे आली आणि गेली. अठरा मेला काकींचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"जेवतीयस का?"

"हो."

"बरं. वीस जूनचा मुहूर्त आहे. मी पंडितांना विचारलं. पंचवीस तर पंचवीस माणसं, उरकून टाकू."

मला वाटलं होतं त्या लग्न मोडायला फोन करतायत. मी कॉटवर उठून बसले.

"काकी, तुम्ही परत काढलीत तारीख?"

"काढली. तू उशिरा बोललीस हे मला आवडलेलं नाही. ते मी विसरणारही नाही. पण बोललीस. माझी लेक सुखरूप आहे. भावकीचं मी बघते."

यावर दुसरी कुणी असती तर रडत हो म्हणाली असती. मलाही रडू आलंच. पण मी म्हणाले, "मला नको लग्न, काकी."

त्यांनी विचारलं, "का? अभिनंदन काही बोलला का?"

मी सांगावं की नाही? तो त्यांचा एकुलता एक मुलगा. नवरा जाऊन सहा महिने झालेले. पण त्यांच्यापाशी पुन्हा गप्प राहणं मला जमेना.

"तुम्हाला सांगायच्या आधी मी त्याला मेसेज केला होता. माळ्यावरून."

"काय म्हणाला?"

"कुणाला सांगू नकोस म्हणाला. त्रिशला शेजारी आहे म्हटलं, तर म्हणाला, मास्क आहे ना तिला."

फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. आजारानं जड झालेला.

"म्हणून नको म्हणतीयस?"

"म्हणून नाही. मीही तेच म्हणत होते, काकी. तीन साड्या तेच म्हणत होते. मास्क आहे ना तिला. त्याला मी काय नावं ठेवू? पण उद्या आमच्या घरात असं काही झालं आणि मी गप्प बसले, तर मला बोल म्हणणारं कोण असेल?"

"मी आहे की," काकी म्हणाल्या.

"तुम्ही आहात तोवर," मी कसंबसं म्हणाले.

त्या "बरं" म्हणाल्या, "औषधं पुरी कर" म्हणाल्या आणि फोन ठेवला. लग्न का मोडलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. भावकीनं पायगुण म्हटलंच असेल. अण्णांनी या वेळी जेवण सोडलं नाही. मला एवढंच विचारलं, "तुझं तू ठरवलंस ना?" मी हो म्हटल्यावर मळ्यात पाणी पाजायला निघून गेले.

ऑगस्टात त्रिशलाला मुलगी झाली. तिनं फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी तो रात्रंदिवस बघत बसले असं काही नाही, पण पुसलाही नाही.

कोष्टीमामांकडे जायला मात्र मला दिवाळी उजाडली. ते बरे होऊन घरी आल्याचं मला जुलैतच कळलं होतं. दोनदा मिरजेला जायला निघून मी अर्ध्यातून परतले. तिसऱ्यांदा गेले. त्यांचं घर एका चिंचोळ्या गल्लीत होतं, उंबऱ्याजवळ ते खुर्ची टाकून उन्हाला बसलेले. निम्मे झाले होते. त्यांची बायको आत तांदूळ निवडत होती. मी नाव सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"वळखलं. मोरपंखी."

मी पायरीवर बसले. तब्येत विचारली. दहा पावलं टाकली की थांबावं लागतं, म्हणाले. दुकान सुटलं होतं, माळ्याचा जिना आता त्यांच्यानं चढवत नव्हता. थोरला मुलगा बघत होता सगळं.

"मामा, मला दुसऱ्या साडीलाच कळलं होतं," मी म्हणाले. "त्यानंतर तुम्ही मला अजून दोन नेसवल्यात. मी बोलले नाही."

आतला सुपाचा आवाज थांबला.

मामांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "तू बोललीस म्हणून मी त्या दिवशी घरात आलो न्हाई. देवळामागं एक मोकळी खोली हाय, तिथं अंथरूण टाकलं. घरात ही, सून, दोन नातवंडं. सगळी एका ताटाभोवती बसणारी. कुणाला साधी शिंक आली न्हाई. दुसऱ्या दिवशी दोन नवऱ्या यायच्या होत्या. शेठला म्हटलं, मी येत न्हाई. तू बोलली नसतीस तर गेलो असतो."

मला हायसं वाटायला लागलं आणि त्याचीच लाज वाटली.

"पण मी आधी बोलले असते तर तुम्ही..."

"तर मी बी आज दुकानात असतो," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, साडीचा रंग सांगावा तसं म्हणाले. "ते बी खरंच की."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. माझ्या हातात देताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा पूर्ण प्यायले, न पिता उठणं बरं दिसलं नसतं. कपबशी आत नेऊन ठेवली. निघताना मामा चौकटीला धरून उठले. मी म्हटलं, उठू नका. पण ते उभे राहिले, श्वास खाली बसेपर्यंत थांबले.

"सांगायचं होतं ते सांगितलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "मनात काही ठेवून घेऊ नकोस, मी बी ठेवणार न्हाई. पण आता पुन्हा येऊ नकोस, पोरी. तुला बघितलं की मला धाप लागती."

मी मान हलवली आणि चपला घातल्या. याला आता चार वर्षं होतील. मी पुन्हा गेले नाही.